ह्यांची टोपली

चि. भावजींना वहिनीचे आशीर्वाद, रागवायच्या आधीच घ्या.

तुमची पाठ कशी आहे? जाऊबाईंच्या गुडघ्याला आराम आहे ना? आमच्याकडे माणसं ठीक आहेत. आजारी आहे तो तुम्ही आणून बसवलेला कॉम्प्युटर. फोनच करणार होते, पण फोनवर तुम्ही मला मध्येच तोडता आणि 'वहिनी, आधी बंद करून चालू करा' म्हणता, म्हणून पत्र.

बंद करून चालू केला. प्लग काढून पाहिला, वायरी दाबून पाहिल्या, मागच्या जाळीतली धूळ ह्यांच्या दाढीच्या ब्रशने झाडली (ह्यांना कळवू नका). तरी तो मध्येच पांढरा पडायचा आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' अशी पाटी लावायचा. माझ्या घरात, माझ्या टेबलावर बसून मलाच उत्तर देणार नाही म्हणतो. एवढ्या वर्षांच्या संसारात ह्यांची अशी पाटी लावायची हिंमत झाली नाही. हे नुसते उत्तर देत नाहीत.

शेजारच्या बँकवाल्या बाई (माझ्यासारख्याच निवृत्त, पण ते मान्य न करणाऱ्या) म्हणाल्या, मशीन भरलं असेल, पसारा काढा. आता पसारा काढणं हा तर माझाच विषय. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या मदर म्हणायच्या, मुलीचं वळण तिच्या वहीवरून नाही, तिने मागे सोडलेल्या कचऱ्याच्या टोपलीवरून कळतं. टोपली भरलेली दिसली की फाटकापासून परत बोलवायच्या. तेव्हापासून भरली टोपली पाहिली की माझे हात शिवशिवतात. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात तशीच एक टोपली आहे, कागदांनी भरलेली. ती रिकामी कर म्हटलं. त्याने विचारलं, नक्की ना, कायमचं जाईल. एकदा सांगितलेलं पुन्हा विचारणाऱ्यांची मला चीड आहे. हो म्हटलं. टोपली कशी लख्ख झाली. मशीन मात्र होतं तसंच, गोगलगाय.

संध्याकाळी हे येऊन बसले आणि नुसताच माउस फिरवत राहिले. "टोपलीतलं कुठे गेलं गं?" "टोपलीत काय असतं? कचरा." "हं," एवढंच म्हणाले. जेवताना सगळं बाहेर आलं. तुमचं दोघा भावांचं लहानपण ते दोन बोटांनी टाइप करत होते, तुम्ही निवृत्त व्हाल त्या दिवशी हातात द्यायचं म्हणून. आणि ठेवत होते कुठे, तर टोपलीत. का, तर म्हणे मी घरातलं प्रत्येक कपाट उघडते, फक्त कचऱ्यात डोकावत नाही. जपायची वस्तू कचऱ्यात ठेवणाऱ्या माणसाला काय म्हणावं? मी पुष्कळ म्हटलं. ते उठून हात धुवायला गेले. हल्ली संध्याकाळी खुर्चीवर बसतात, मशीन लावत नाहीत. भावजी, मला भांडायला समोर माणूस लागतं, आणि हे भांडत नाहीत. टाकण्यापूर्वी एक ओळ तरी वाचायला हवी होती मी.

बाई म्हणतात, पुसलेलं लगेच जात नाही, जाणकाराला काढता येतं. मात्र त्यानंतर मशीन वापरायचं नाही, नवीन काही भरायचं नाही. (हे ज्ञान त्यांनी मी मशीन पळवण्याचे दोन फुकटचे प्रोग्रॅम भरल्यावर दिलं.) आता प्लग काढून वर चादर घातली आहे. तुम्ही याल का?

तुमची,
वहिनी

ता. क. एक राहिलं. टोपली रिकामी करायला तुम्हीच फोनवर सांगितलंत, असं मी ह्यांना सांगून बसले आहे. रविवारी तुमचा फोन येतो तेव्हा ते विचारतील. तुम्ही हो म्हणा. तुमच्यावर रागवायला त्यांना कधी जमलेलंच नाही.

पुन्हा ता. क. मी चहा टाकायला उठले तेवढ्यात ह्यांनी पत्र वाचलं. चिडले नाहीत. म्हणाले, "जाऊ दे गं. एक पानसुद्धा झालं नव्हतं." महिनोन्‌महिने टकटक करणाऱ्या माणसाचं एक पान? खरं बोलतात की माझं मन राखतात ते कळत नाही, आणि आता विचारायला तोंड नाही. तेव्हा रविवारचं खोटं आता नको, पण या. बाई म्हणतात, मजकूर नाही मिळाला तरी केवढं होतं ते कधीकधी दिसतं. मजकूर मिळाला तर त्यांना द्या. नाही मिळाला आणि पानं पुष्कळ होती असं दिसलं, तर मला एकच होतं म्हणून सांगा.