चोवीस ते एक

४ डिसें., गुरु.
भाऊंनी शेवटी आमच्या छपाईच्या दुकानात ते मशीन घेतलंच. चष्म्याशिवाय खोल दिसणारे फोटो. प्लास्टिकच्या शीटवर बारीक रेघांची भिंगं, मागे एकाच फोटोचे चोवीस कोन पट्ट्या करून छापायचे. मोठी शीट म्हणजे माझा पंधरा दिवसांचा पगार. मी म्हटलं, "भाऊ, एवढ्यात गंगापूर रोडभर फ्लेक्स लावू." भाऊ म्हणाले, "फ्लेक्स वर्षात फाटतो, पश्या. आणि इंजिनियरिंग अर्ध्यात सोडणाऱ्याने मला मशीन शिकवू नये." सगळे हसले. शेजारच्या टेबलावरची ऋतुजासुद्धा.
मशीनबरोबर ते चालवायला पुण्याचा सौरभ आलाय. 'ॲक्च्युअली' शिवाय वाक्य सुरू होत नाही.

६ शनि.
नमुन्याला त्याने फोटो कोणाचा काढावा? ऋ.चा. कॅमेरा रुळावर सरकवत चोवीस वेळा. "हनुवटी थोडी वर. ॲक्च्युअली, परफेक्ट."
दोन वर्षं शेजारच्या टेबलावर बसतोय मी. एकदाही...
आता ती काउंटरच्या काचेत. कानामागची बट हातात येईल असं वाटतं. येणारे-जाणारे बोट लावून बघतात. डोकं फिरतं. फोटो फालतू आहे असं लिहिणार होतो. नाही लिहवत.

९ मंगळ.
रोज जेवायच्या सुट्टीत दोघं एका स्क्रीनपुढे. मी गेलो की गप्प. तिच्या डब्यातली चटणी त्याच्या डब्यात. भाऊ म्हणाले, मोठी शीट एकच उरलीय, पुढची तीन आठवड्यांनी, जपून. तर हा, "ऋतुजाचं स्पेशल काम आहे भाऊ, मी स्वतः लावतो."
स्पेशल!!

१० बुध.
दोघं खाली चहाला. फाइल तयार होती. नाव 'ऋतुजा-मोठा'. उघडली नाही. त्याने केलेला तिचा चेहरा बघायचाच नव्हता. कोनांचा क्रम एक ते चोवीस होता, मी चोवीस ते एक केला. एक टिक, बस. म्हणजे पुढचं मागे, मागचं पुढे. शीट वाया जाईल, भाऊ त्याला झापतील. कळू दे पुणेकराला.

११ गुरु.
ती ऋ. नव्हती.
तिचे बाबा होते. कळवणला सायकलचं दुकान होतं त्यांचं. गेल्या वर्षी गेले तेव्हा मीच तिला स्टँडवर सोडलं होतं. दुकानापुढचा एकच जुना फोटो, त्यातून नाक, कान, टोपी, हातातला पाना, एकेक थर तिने वेगळा केला होता, चोवीस कोन तयार करायला. शीटचे पैसे स्वतःचे. रविवारी वर्षश्राद्ध, आईला द्यायचा होता.
छापून आला तर मागचं दुकान पुढे आणि चेहरा खोल, मुखवटा आतून बघावा तसा. "बाबा आत गेले," एवढंच म्हणाली.
सौरभ म्हणाला, "माझी चूक. क्रम मी तपासायला हवा होता. शीट माझ्या पगारातून कापा." ॲक्च्युअली नाही, काही नाही. भाऊंच्या शिव्या उभ्याने ऐकल्या. यातही तोच मोठा झाला. याचाही राग येतो. लाज वाटते, पण येतो.

१२ शुक्र.
भाऊंनी शीट रद्दीत टाकली होती, काल घरी आणली. अंबडच्या खोलीत खिडकीशी टेकवली. आई म्हणाली, "कोण रे हे? असे काय दिसतात?" सकाळभर शीटपुढे डावी-उजवीकडे सरकत होतो. एका जागी चित्र उडी मारतं. तिथे, अगदी केसभर, उलट्याचं सुलट होतं. बाबा बाहेर येतात. हातात पाना. श्वास घेतला की परत आत.
कामावर गेलो नाही.

१३ शनि.
ऋ. शटर उघडत होती. सगळं सांगितलं. "क्रम मी बदलला. मला वाटलं तुझा फोटो आहे. त्याने काढलेला."
"माझा असता तर चाललं असतं?"
आणलेली शीट दाखवली, एका जागेवरून बाबा बाहेर येतात म्हटलं.
ती म्हणाली, "कुठे उभं राहायचं?"
शीट टेबलावर उभी केली. शटरवर 'बंद आहे' लिहायचा खडू घेतला, जागा शोधून फरशीवर फुली मारली. ती फुलीवर उभी राहिली. सौरभ आला, गुड मॉर्निंग म्हणाला, तरी हलली नाही.
अकराच्या गाडीने कळवणला गेली. शीट ओढणीत गुंडाळून नेली. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. जाताना फक्त हात पुढे केला. खडूसाठी.