नववं पान

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला लिहायला बसलोय. हे कुणाच्या हाती देणार, देव जाणे. पण ओसरीवर नाशिकहून आलेले एक शास्त्रीबुवा तुमच्या निबंधाचं मी केलेलं खंडन उतरवून घेतायत, आणि त्यांच्या बोरूची कुरकुर ऐकत मला नुसतं बसवेना. अक्षर मोठं काढतोय. माझ्याही डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरलाय. घ्या, झाली फिट्टंफाट.

सदाशिव पेठेतलं तुमचं अंगण डोळ्यांसमोर येतं. मधोमध रोवलेला लाकडी शंकू, भर दुपार, आणि तुम्ही डोळे बारीक करून विचारताय, "सावली कुठवर आली रे?" मी वाकून रेघा मोजतो, सांगतो. तुम्ही पंचांगाशी ताडून बघता आणि म्हणता, "एक तर जुनी कोष्टकं चुकतायत, नाहीतर तू. कोष्टकांना निदान म्हातारपणाची सबब आहे." शिकवताना तर तुमची जीभ आणखी तिखट. दुसऱ्याचा ग्रंथ खोडायचा तर आधी त्याची बाजू, म्हणजे पूर्वपक्ष, त्याला स्वतःलाही जमली नसती इतकी नीट मांडायची आणि मगच उत्तर द्यायचं, हा तुमचा दंडक. एकदा मी पूर्वपक्ष दोन ओळींत उरकला, तर कागद माझ्या पुढ्यात टाकलात. "जेवायला बोलावून पाणचट ताक वाढतोस होय? ऊठ, परत लिही." स्वयंपाकघरात काकू हसल्या. त्या दिवशी जेवताना त्यांनी मला मुद्दाम घट्ट ताक वाढलं.

तुमचा निबंध पुरा झाला तेव्हा तो फडक्यात बांधून तुम्ही माझ्याच हाती दिलात. "वाच आणि दोष काढ. भीड धरू नकोस. मला आता दिसत नाही, माझ्या चुका तूच बघायच्या." केवढा विश्वास हो! सुटी नऊ पानं. पहिली आठ पूर्वपक्षाची: पंचांग जुन्या कोष्टकांवरूनच करावं, आकाश बघून त्यात फेरफार करू नये, कारण माणसाचा डोळा फसवतो. इतकं सुरेख लिहिलं होतंत, की हेच तुमचं मत वाटावं. तुमचं खरं उत्तर शेवटच्या पानावर होतं, मोजक्या ओळींत. डोळ्यांनी बघा आणि कोष्टक सुधारा.

मी खंडन लिहिलं ते त्या आठ पानांचं. श्रावणात एका सरदारांकडे पंडितांची सभा भरली, तिथे मी ते वाचलं. गुरूचाच निबंध खोडणारा शिष्य म्हटल्यावर सगळे सरसावून बसले. मलाही चेव चढला आणि मी म्हणून गेलो, "ज्यांचे स्वतःचे डोळे गेले, त्यांना सगळ्यांचेच डोळे फसवे वाटायचे." सभा खदखदून हसली. तुम्ही पुढेच बसला होतात, पगडी सारखी करत. माझ्या खांद्यांवर शाल पडली. ते वाक्य आठवलं की आजही वाटतं, जीभ झडली का नाही माझी?

बाहेर जोडे शोधताना तुम्ही म्हणालात, "खंडन झकास. नवव्या पानावर मीही तेच लिहिलंय. तिथवर पोचलाच नाहीस वाटतं?" आणि मी म्हणालो, "गुरुजी, मला आठच पानं मिळाली होती." तुम्ही माझ्याच खांद्यावर हात ठेवलात. "अरे, मग माझ्याकडेच राहिलं असेल. दिसत नाही रे आता. उगीच बोललो तुला."

दुसऱ्या दिवशी आलो तर तुम्ही पोथ्यांची पेटी उपसून बसलेले. बोटांनी एकेक पान चाचपताय, काकू ते खिडकीपाशी नेऊन बघतायत आणि मान हलवतायत. आणि मीही शोधायला बसलो, गुरुजी! संध्याकाळी तुम्ही थकून म्हणालात, "जाऊ दे. परत सांगतो, तू लिहून घे." "उद्या येतो," म्हणालो. तो उद्या मी कधी आणलाच नाही. त्या थंडीत तुम्ही गेलात. काकूंना शेवटपर्यंत वाटत राहिलं, की पान त्यांच्याच हातून केरात गेलं.

खंडन मात्र गावोगावी गेलं. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका म्हणणारे शास्त्री, अशी तुमची ओळख झाली. रोज भर उन्हात सावली मोजणाऱ्या माणसाची! शिष्य मला विचारतात, गुरुजींनी असं कसं लिहिलं? मी म्हणतो, वय झालं होतं त्यांचं.

घाईत नववं पान वाचायचं राहिलं, असं मी स्वतःला सांगत आलोय. ते खोटं आहे. सभेच्या आदल्या दुपारी मी ते वाचलं होतं, दोनदा. खंडन इतकं छान जमलं होतं, की ते फाडवेना. पानही फाडवलं नाही. आत्ता ते माझ्या मांडीखाली आहे आणि हा कागद त्याच्यातच घडी करून ठेवणार आहे.

मघाशी शास्त्रीबुवांनी ओसरीवरून विचारलं, "अहो, मूळ निबंधाचीही नक्कल करून घेतो म्हणतो. पण हा मध्येच तुटल्यासारखा वाटतो. पुढचं पान आहे का आपल्याकडे?"

"नाही," म्हणालो. "आठच आहेत."