डावे पायडल प्रेमिलाने बसवावे

चि. लहानूस आईचे अनेक आशीर्वाद. तुझा खोकला थांबला का? कंपनीत धूळ फार, तोंडावर रुमाल बांधत जा. सौ. प्रेमिलाची टाच आता कशी आहे? कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडवावा. जयाचा दात पडला की अजून जिभेने ढकलतच बसते? माझे म्हणशील तर डाव्या डोळ्याने अंधुक दिसते. बाकी जेवण पचते, झोप लागते आणि कोण कधी काय बोलले ते सगळे आठवते. शरीर आणि डोके असे जाग्यावर आहे तोवर हे लिहून मोकळी होते.

मी, भागीरथाबाई नानाजी निखारे, वय सदुसष्टच्या आसपास, पूर्वीचा धंदा मिलमध्ये जेवणाचे डबे पोचवणे, राहणार पाचपावली, नागपूर, कोणाच्या धाकाने किंवा गोड बोलण्याने नव्हे, तर आपल्या खुशीने लिहून ठेवते की माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे करावी. लिहिण्यात चूक असल्यास सांभाळून घ्यावे. मी शाळेत गेले नाही. अक्षरे डब्यांवर रंगवलेल्या नावांवरून शिकले. अजूनही एखादे नाव वाचले की त्या माणसाला वरण तिखट लागायचे की फिके, ते आधी आठवते.

कलम पहिले. पाचपावलीचे दोन खोल्यांचे घर, न्हाणी व मागच्या कडुनिंबासह, लहानू आणि प्रेमिला या दोघांच्या नावे सारखे. "दोघांच्या" हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे, तो कोणी खोडू नये. पोस्टात जे काही असेल ते माझी नात जया हिच्या शिक्षणाला. किती शिकायचे ते तिने ठरवावे.

कलम दुसरे. वरण शिजवायचा मोठा पितळी गंज शेजारीण कांताबाईला. माझ्याबरोबर पोळ्या लाटता लाटता ती म्हातारी झाली, पण एक दिवस चूल थंड राहू दिली नाही. ज्याला वस्तू मिळते त्याने साक्षीला सही करू नये, असे सायकलवाल्या मारोतरावांनी सांगितले तेव्हा ती रुसली. "मले गंज नको, सही करू द्या," म्हणाली. कांता, गंज घे. सही काय, तुझे नाव मी इथे मधोमध लिहिलेच आहे.

कलम तिसरे. सायकलीचे पाने, चिमटा, ग्रीसचा डबा हे सर्व माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, महादेवराव यांना. याला कारण आहे.

लहानूचे वडील नानाजी यांनी जुन्या बाजारातून विलायती लेडीज सायकल आणली, कारण बायकांची म्हणून ती कोणी घेत नव्हते. तिच्यावर ते स्वतः डबे नेत. मोहल्ला हसायचा, "नानाजी, लुगडं पण नेसून घे ना गा!" हे म्हणत, "वरण सांडत नाही ना? मग झालं." पुढे त्यांचा गुडघा गेला तेव्हा त्यांनीच सायकल धरून मला शिकवले. मी पडले की आधी मला उचलायचे, मग सायकल. एवढे पुरे होते मला जन्मभराला.

एकदा डावे पायडल करकरू लागले. मी ते काढायला बसले तर महादेवरावांनी पाना ओढून घेतला. "सरक वं, हे बायकांचं काम नव्हे." मी म्हटले, डाव्याचा आटा उलटा असतो. "मले शिकवून राहिली काय?" म्हणत ते पान्यावर उभे राहिले. आटे गेले, पायडल धरणारी क्रँक गेली, आणि वर म्हणाले, "बाईनं हात लावला म्हणून बिघडली." पुष्कळ दिवस मी त्यांना भाजी वाढली, पण "आणखी घ्या" म्हटले नाही. मग एका सकाळी नवी क्रँक बसवलेली दिसली. कोणी आणली हे आजवर कोणी कबूल केले नाही. मात्र भासऱ्यांच्या पांढऱ्या धोतराला ग्रीस लागले होते, आणि ते मीच धुतले. भासरे, तुमचे उपकार मला तेव्हाच पोचले. राग त्या धोतराबरोबर धुतला गेला. पाना तुमचाच, पण घट्ट करायचे तर दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाकडे वळवा, काढायचे तर मागे.

कलम चौथे, आणि याच्यासाठीच हे सगळे लिहिले. सायकल सौ. प्रेमिला हिला.

तिला तिकडे कळमेश्वरच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली आहे. खेड्यांत जाऊन बाळंतिणी पाहायच्या. खेड्यांची एस.टी. सकाळी जाते, संध्याकाळी येते. बाळ तिच्यासाठी थांबत नाही. सायकल नसेल तर नोकरी सोडावी लागेल, हे सर्वांना ठाऊक आहे. दिवाळीत लहानू म्हणाला, "आई, ते भंगार विकून टाक. प्रेमिला सायकलवर फिरली त मी कंपनीत तोंड कसं दाखवू?" बाबू, ज्या तोंडाची तुला काळजी, त्यात घास याच सायकलीने घातला. त्याच संध्याकाळी अंगणात प्रेमिलाने पायडल हाताने फिरवले, कान लावला आणि विचारले, "आत्याबाई, हे काहून कुरकुर करून राहिलं?" त्या एका प्रश्नाने सायकल तिची झाली.

मी मारोतराव सायकलवाल्यांकडे नवी पायडले पाहून आले. लोखंडी दात्यांची बुटाला बरी, लुगड्याचा काठ खातात. रबरी होती ती फिरवली तर डगडगत होती. मारोतराव म्हणाले, "बाई, घ्याले आल्या का परीक्षा घ्याले?" घरी येऊन जुनीच उघडली. खाली परात ठेवली, नाहीतर आतले बारीक लोखंडी छर्रे चुलीमागे पळतात. सगळे रॉकेलने धुतले. छर्रे ज्यांवर फिरतात ते आतले कोन अजून गुळगुळीत, एक खड्डा नाही. झिजले होते ते फक्त छर्रे. म्हणून छर्रे सगळे नवे घेतले, जुन्यात नवे मिसळू नयेत. वर खोल रेघांचे रुंद रबर लावले. टाचेवर भार नको, प्रेमिला, चवड्याने दाबत जा. कोन इतकाच आवळावा की पायडल हलू नये आणि बोटाने फिरवले तर फिरत राहावे.

उजवे पायडल बसवले. डावे उघडेच ठेवले आहे. ते प्रेमिलाने येऊन बसवावे, आणि लहानूने सायकल धरावी, जशी त्याच्या बापाने धरली होती. सक्ती नाही. घर, पोस्ट, गंज यांना याची अट नाही. मागणे आहे.

वरील मजकूर मी पुन्हा वाचून पाहिला, तो बरोबर आहे.

भागीरथाबाई नानाजी निखारे (सही, स्वहस्ते)

आमच्या समक्ष सही केली:
१. मारोतराव गणपत पौनीकर, सायकल दुकान, पाचपावली
२. वच्छलाबाई शामराव हेडाऊ, पाचपावली

नागपूर, दि. २ डिसेंबर १९७९

ता. क. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात हे मला ठाऊक आहे. तरी एक नक्कल आताच पोस्टाने पाठवते, कारण प्रेमिला गल्लीच्या वळणावरून जाताना मला उंबऱ्यात बसून पाहायची आहे. छर्रे ग्रीसमध्ये ताटलीखाली झाकून ठेवलेत. फार दिवस राहिले तर धूळ धरतील. लहानू, येता की नाही ते लवकर लिही.