सोन्याखालचा काळा

रात्चबुरी,
मंगळवार, ८ जानेवारी २०१९

थावोन,

तुला आणि बुप्पाला आशीर्वाद. नवं वर्ष तुम्हाला सुखाचं जावो. माझी तब्येत ठीक आहे, डावा गुडघा सोडला तर. चिंच यंदा भरपूर लागली आहे. शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनी भेटून गेल्या. त्यातल्या एकीला नातू झाला तरी ती अजून माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवरच बसते.

एवढं पुरे. आता काम.

पत्राबरोबर थर्माकोलचा डबा आहे. तो उघडण्याआधी पत्र संपव. पत्र न वाचता फाडायचा विचार असेल, तर फाड, पण त्याआधी माशांच्या खोलीतले दिवे बंद कर. सगळेच्या सगळे. मग काय ते कर.

तुझं सोनं मी पाहिलं. गेल्या महिन्यात चुआनकाकांच्या माशांच्या दुकानातून तुझा एक सोनेरी नर घेतला. का घेतला ते विचारू नकोस. काकांनी विचारलंच.

"बाई, तुम्ही कधीपासून रंगाच्या मागे लागलात? पोरांना तर सांगायचात, माशाचा रंग बघू नका, श्वास बघा."

"पिशवी द्या, काका."

"भावाचा आहे म्हणून घेताय. कबूल करा."

"तुमच्या तोंडाला झाकण नाही ते नाही, निदान पिशवीला तरी नीट गाठ मारा."

ते हसत राहिले. म्हणाले, सगळ्या नाखोन पाथोम शहरात असा सोनेरी फायटर मासा कुणाकडे नाही, थावोन तो जानेवारीतल्या प्रदर्शनात मांडणार आहे आणि त्याला बाबांचं नाव देणार आहे. मी पिशवी घेऊन घरी आले. खरं सांगू, वाटेत मला बरं वाटत होतं.

घरी बरणीत सोडला तेव्हा मासा तळाशी जाऊन बसला. सगळे पर अंगाला चिकटवून, मिटलेल्या छत्रीसारखे. बाजूच्या बरणीआडचा पुठ्ठा काढला, तिच्यातला माझा नर दाखवला, तरी लढायला फुलला नाही. मग एकदम उसळला आणि काचेला अंग घासून गेला. पुन्हा घासून गेला. मी खिडकी लावली, बत्ती घालवली आणि टॉर्च तिरका धरला.

थावोन, सोनं खवल्यांत नव्हतं. खवल्यांवर होतं. बारीक हळद भुरभुरावी तसं. आणि जिथे त्याने अंग घासलं होतं तिथे ते पुसलं गेलं होतं.

रंग कधी पुसला जातो का?

इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवलं, या सोनेरी पुडीचं चित्र फळ्यावर कितीदा काढलं, आणि माझ्याच भावाच्या घरी तिला नाव द्यायची तयारी चालली आहे!

हा रोग आहे. सोन्याच्या पुडीसारखा दिसणारा कण म्हणजे माशाच्या कातडीत रुतलेला जीव. तो माशाला खातो, गळून तळाशी पडतो, तिथे फुटून त्याची कितीतरी पिल्लं होतात आणि ती दुसरा मासा शोधत पोहतात. झाडाच्या पानासारखं त्याला उजेडातूनही बळ मिळतं. आणि तू काय केलंस? सोनं चमकावं म्हणून प्रत्येक फळीवर दिवा लावलास. ज्या नरावर जास्त सोनं त्याला जास्त सोनेरी मादी दिलीस. एकच जाळी सगळ्या बाटल्यांत बुडवलीस. तू जात निपजवत नव्हतास, रोगाची पैदास करत होतास. दुसरीकडे माशावर पूड दिसली तर माणूस औषध शोधतो. आपल्याकडे नाव शोधतो.

लागलीच फोन केला. तू उचलणार नाहीस हे माहीत होतं. बुप्पाने उचलला.

"ताई, हळू बोला. तुमचं नाव काढलं की हे ताटावरून उठतात."

"मासे मरताहेत का?"

"मरतात की. हे म्हणतात, सोनं नाजूकच असायचं. काळे काटक होते, हे राजपुत्र आहेत."

"राजपुत्र नव्हेत, रोगी आहेत! दिवे घालव आधी."

"मी घालवले आणि तुमचं नाव सांगितलं, तर म्हणतील बहिणीला जळफळाट झाला. न सांगता घालवले, तर परत लावतील. ताई, गेले दोन महिने हा माणूस गुणगुणत फिरतोय. मी कोणत्या तोंडाने सांगू?"

म्हणून पत्र, आणि तेही नर बरा करून, पुरावा हातात आल्यावर. फोनवर तू माझा आवाज ऐकतोस आणि तिथेच थांबतोस. पुढचे शब्द तुझ्यापर्यंत पोचतच नाहीत.

मी काय केलं ते नीट वाच आणि तसंच कर. बरणीला काळं कापड गुंडाळलं. पाणी उबदार ठेवलं. मीठ थोडं थोडं विरघळवून घातलं, एकदम नाही. तांब्याचं औषध बाटलीवर लिहिलंय त्यापेक्षा जराही जास्त नाही; तांबं रोगाला मारतं तसं माशालाही मारतं. तळाचा गाळ रोज काढला. बदामाची वाळकी पानं घालून पाणी चहासारखं केलं, बाबा करायचे तसं. सोनं गळून गेलं तरी औषध थांबवलं नाही, कारण तेव्हाच तो रोग तळाशी बसून वाढत असतो. जाळी दर बाटलीला वेगळी. वापरलेली उन्हात कडकडीत वाळव. ज्यांच्यावर सोनं दिसत नाही त्यांनाही औषध दे. या रविवारच्या प्रदर्शनात एकही मासा नेऊ नकोस, तिथे इतरांचे मासे आहेत. आणि मेहेरबानी करून पुण्य लागेल म्हणून आजारी मासे कालव्यात सोडू नकोस. असलं पुण्य कालव्याला नको आहे.

आता दुसरी गोष्ट. ती लिहायला मी इतकी पानं घालवली.

सोनं गळलं तेव्हा खालून काळा मासा निघाला. मला वाटलं, असेल कुठला तरी काळा. मग एका सकाळी कापड बाजूला केलं, पुठ्ठा उचलला, आणि त्याने शेजारच्या नराला पाहून सगळे पर उघडले. पोटाखालचे दोन्ही लांब पर खाली सुटले, आणि त्यांच्या टोकांना पांढरे ठिपके. भाताची दोन शितं चिकटल्यासारखे.

बाबांचा काळा!

माझ्या हातातला पुठ्ठा पाण्यात पडला. मी त्या माशाला मोठ्याने म्हटलं, "तू मेला आहेस." बाबांनी निपजवलेली ही जात पुरात संपली, हे मी गेली सात वर्षं धरून चालले आहे. होडीतून तुझ्याकडे आले तेव्हा तू कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून एकेक बाटली पुरात ओतत होतास. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्या वेळी मी होडीत उभी राहून जे बोलले ते इथे लिहीत नाही. अख्ख्या गल्लीने ऐकलं होतं. तुला पाठ असेल.

बुप्पाला परत फोन केला.

"दिसली का शितं?" तीच म्हणाली.

"कुठून आला हा?"

"यांच्या चहाच्या थर्मासमधून. शर्टाच्या आत, पोटाशी बांधला होता. एक नर, एक मादी. बाकीचे बाटलीत गुदमरून मरतील म्हणून सोडले. त्या दिवसापासून त्या थर्मासमध्ये यांनी चहा नाही प्यायला."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगणारच होते, ताई. तुम्ही आधी बोललात."

मी फोन ठेवला.

आठवतं, बाबा देवळात सोन्याचा वर्ख नेहमी मूर्तीच्या पाठीला लावायचे? तू विचारायचास, पाठीमागून कोण बघणार? ते म्हणायचे, सगळ्यांनी पुढूनच लावला तर मूर्ती पुरी कशी होईल? मी तेव्हा हसले होते. इतकी वर्षं तू पाठीमागे उभा राहून वर्ख लावत होतास आणि मी पुढूनच तुला पारखत राहिले.

म्हणून म्हणते, हे सोनं तुला हवं होतं ते मला समजतं. मुकाट्याने जपलेल्या गोष्टीवर एक दिवस अचानक तेज आलं, तर कुणालाही ते बक्षीसच वाटेल. पण ते बक्षीस नाही, थावोन. ते बाबांच्या माशाला जिवंत खातंय. तुझ्या फळ्यांवर जे उरलेत तेवढेच या जगात आहेत, आणि हा एक. तू दिवे लावलेस तर हा एकच उरेल. एकट्या नराची जात होत नाही.

आता डबा उघड. खोलीत अंधार असेलच. टॉर्च तिरका धर. काही चमकणार नाही. पाच मिनिटं थांब, प्रवासाने दमला असेल. मग आरसा दाखव आणि पोटाखाली बघ.

बरा झालेला आहे, पण माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. इतर सगळ्यांपासून वेगळा ठेव आणि स्वतःच्या डोळ्यांनी खात्री कर. नव्या माशाला दारातच थांबवावं, हे आपल्या घरात नेहमीच पाळलं गेलं.

मलाही थांबवलंस तरी चालेल. मी शनिवारी सकाळच्या बसने येते. मीठ, काळं कापड आणि पानं घेऊन. आत ये म्हणायची गरज नाही, पायरीवर बसून जाळ्या धुवून देईन. तू काही बोललास तर ऐकेन. तुझं पूर्ण होईपर्यंत तोंड उघडणार नाही.

आधी बोलणारी,
तुझी ताई,
राचनी