सरिताला द्यायची वही

१ जानेवारी १९६८, सोमवार
आजपासून ही वही. मे महिन्यात सरिताचं लग्न, मुलगा गोंदियाचा. निरोपाच्या वेळी तिच्या हातात द्यायची. तिच्या जन्मापासूनच्या आठवणी, शिवाय तिला आणि धाकट्या अंजनाला पत्रं. रोज दोन पानं. तोवर घरात कोणाला पत्ता लागता कामा नये. सरप्राइज! वही ट्रंकेत, माझ्या लोकरीच्या कोटाखाली.

३ जानेवारी
लिहायला बसलो. वही कोटाखाली नव्हती, कोटावर होती. मी उकव्याला खाणीच्या ऑफिसात नऊ वर्षं हजेरी घेतली आहे, चेहरा बघून माणूस ओळखतो. जेवताना तिघींचे चेहरे तपासले. पुष्पलता गप्प होती. इतकी गप्प बसणारी बायको नाही ती. आज आठवण लिहिली नाही. आधी बंदोबस्त.

११ जानेवारी
पानात केस ठेवला होता. (माझाच. फार उरलेले नाहीत, तरी.) केस गायब! पुष्पलताला विचारलं, ट्रंक कोण उघडतं? म्हणाली, "मी उघडतो, आणखी कोण? तुमच्या कोटाले कसर लागून राह्यली, उन्हात नको टाकू काय?" उत्तर तयारच होतं. तयार उत्तर हाच पुरावा.

२ फेब्रुवारी
शेजारचा मोतीलाल कंपाउंडर ओसरीवर येऊन म्हणतो, "काय शालिकरामभाऊ, सुट्टीच्या दिवशीबी लिहिणं चालू आहे म्हणते?" मी विचारलं, तुले कोणी सांगितलं, तर म्हणे बोटाले शाई दिसून राह्यली. क्लार्कच्या बोटाला शाई असायचीच! सरिता त्याच्या बायकोकडे शिवण शिकायला जाते. बातमी तिथूनच फुटते. सरिता संशयित नंबर एक. वही धानाच्या कोठीत हलवली.

२० फेब्रुवारी
सापळा. वहीत मुद्दाम खोटी आठवण लिहिली, की सरिता लहानपणी रामपायलीच्या जत्रेत हरवली होती. संध्याकाळी सहज रामपायलीचा विषय काढला. सरिता लगेच म्हणाली, "बाबा, मी तिथंच हरवलती नं? दोन घंटे!" पकडली!
तेवढ्यात पुष्पलता मधे पडली. म्हणे पोरगी खरंच हरवली होती. "तुम्ही पान लावून घेत होते. तिचा हात तुम्हीच सोडला. मी रडून रडून अर्धी झालती."
दोघी मिळालेल्या आहेत.

१७ मार्च
किरनापूरच्या बाजारातून मजबूत कुलूप आणलं. वही परत ट्रंकेत. किल्ली माझ्या खिशात. एकंदर प्रगती समाधानकारक. आठवणी तेवढ्या राहिल्या, पण त्या कुठं पळून जातात? एकदा बंदोबस्त पक्का झाला की आठ दिवसांत उरकतील.

२८ एप्रिल
किल्ली सापडत नाही. कोणी घेतली ते उघड आहे. अंजनाने केसातली पिन घालून कुलूप दोन मिनिटांत उघडून दिलं. एवढी सफाई हिच्या हाताला कुठून आली? वर विचारते, "बाबा, इसमें है क्या?" ऑफिसचं काम, म्हणालो. अंजना संशयित नंबर दोन.

६ मे, सकाळी
आज लग्न. वेळ नाही.

७ मे
सरिता गेली. वरातीच्या बसपाशी माझ्या गळ्यात पडून रडली. मग हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही माह्यासाठी काही लिहून राह्यले नं? द्या नं मले."
कोणी सांगितलं, मी विचारलं.
"मायनं. वही तर तिले पहिल्याच दिवशी सापडलती. पण म्हणे कोणी वाचायची नाही, बाबा आपल्या हातानं देतीन. आम्ही उघडलीसुद्धा नाही."
मी म्हणालो, फेअर कॉपी बाकी आहे, पोस्टाने पाठवतो. हौ म्हणाली. बस गेली.
घरी येऊन लगेच फेअर कॉपीला बसलो. सगळी वही वाचली. सरिताचं नाव पानोपानी आहे. बहुतेक ठिकाणी संशयित म्हणून.
पुष्पलता अंगणात मांडवाची सुतळी गुंडाळत होती. तिला विचारलं, सरिता लहानपणी कशी होती? तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "बसा."
आणि सांगत सुटली. पहिला दात, पहिलं पाऊल, गोवर आला तेव्हा मांडीवरून उतरेना ते. मी हौ, हौ म्हणत होतो.
त्यातलं मला काहीच आठवत नव्हतं.