पुसलेल्या पेनड्राइव्हची सत्यप्रत

दिनांक : १३ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
लोककलावंत नोंदणी कक्ष,
मारेगाव, जि. यवतमाळ.

विषय : माझ्या आईच्या गाण्यांचा मूळ पेनड्राइव्ह तात्काळ परत मिळणेबाबत व तोपर्यंत त्यास हात न लावणेबाबत.

संदर्भ : ‘सदर पेनड्राइव्हमध्ये ध्वनिमुद्रण आढळून आले नाही’ हे आपले पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये अर्ज सादर करतो की, माझी आई सुखीबाई आमच्या बंजारा तांड्यात ढावलो गात असे. ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या नवरीने माहेरच्या बायांच्या गळ्यात पडून रडत गायची गाणी. कलावंत मानधनासाठी मी तिचा अर्ज आपल्याकडे दिला आणि सोबत तिच्या गाण्यांचा हिरवा पेनड्राइव्ह जोडला.

१. एकाच ध्वनिमुद्रणावर दोघे मानधन घेतात म्हणून अर्जदाराने दुसरी प्रत स्वतःकडे ठेवू नये, असा आपल्या कक्षाचा नियम आहे. मी हमीपत्र दिले. तेवढ्याने भागले नाही. आपले लिपिक श्री. ऋतिक म्हणाले, “मूळच पायजे. मोबाइलमधलं माह्यासमोर डिलीट करा, मंग शिक्का मारतो.” मी केले. त्यांनी शिक्का मारला, तोही पेनड्राइव्हवरच.

२. नंतर आईला लकवा मारला. तिची वाचा गेली. वैद्यकीय दाखला आपल्या फाइलीत आहे, वाचला असल्यास आठवत असेल.

३. त्यानंतर संदर्भीय पत्र आले. त्यात कलावंतास समक्ष हजर करून गाऊन घ्यावे असा आदेश होता. ती बोलू शकत नाही हे सांगायला मी आईला ऑटोत घालून घेऊन आलो. आपल्यासमोर श्री. ऋतिक यांनी तिला विचारले, “गा ना आजी दोन ओळी, लाजता काहून?” आई तोंड उघडून बसून राहिली. आपण शेरा लिहिला, ‘कलावंताने गायनास नकार दिला.’ साहेब, हा शेरा आपण वैद्यकीय दाखल्याच्याच फाइलीत लिहिला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

४. ध्वनिमुद्रण का आढळले नाही, याचा खुलासा त्याच दिवशी श्री. ऋतिक यांनी आनंदाने केला. “तुमचा ड्राइव्ह लय कामाचा निघाला भाऊ, अख्खं ऑफिस त्याच्यावर चालू झालं!” आपल्या कक्षाचा संगणक बंद पडला होता. विंडोज टाकायला रिकामा पेनड्राइव्ह हवा होता, म्हणून अर्जदारांच्या जोडपत्रांचा खण उघडला गेला. विंडोजची इमेज फाइल चढवून माझा ड्राइव्ह बूटेबल, म्हणजे बंद संगणक चालू करण्याजोगा, करण्यात आला. तसे करताना आतले सगळे पुसले जाईल, अशी सूचना पडद्यावर येते. ती आली असणार आणि कोणीतरी ‘हो’ दाबले असणार. ते कोणी दाबले, याचे उत्तर मला लेखी हवे.

पुढे त्याच ड्राइव्हची इमेज काढून प्रत्येक टेबलासाठी एकेक क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल असलेला दुसरा ड्राइव्ह, करण्यात आला. मी माझा ड्राइव्ह मागितला तेव्हा त्यातलाच एक क्लोन ‘सत्यप्रत’ असा गोल शिक्का मारून मला दिला. मूळ वस्तू अभिलेखातून बाहेर जात नाही म्हणे! पुसून टाकलेल्या वस्तूची सत्यप्रत काढून ती साक्षांकित करणारे कार्यालय मी आजवर पाहिले नव्हते.

‘सत्यप्रत’ मिळाली एवढेच कानावर गेल्याने तांड्यातल्या बायका आमच्या टीव्हीसमोर ऐकायला जमल्या होत्या. टीव्हीवर काही लागले नाही. त्या उठून गेल्या. आई तशीच बसून होती.

पांढरकवड्याला संगणक दुरुस्त करणारे बशीरभाई आहेत. त्यांनी क्लोन तपासून सांगितले, “इसमें कुछ नहीं. यात तुमच्या आईचं काहीच नव्हतं कधी. असलं तर त्या हिरव्यातच असन, जिथं विंडोज पोचलं नाही तिथं. पर त्याच्यावर आता काही लिहू देऊ नका. लिहिलं का खल्लास.”

आणि आता कळते की सोमवारी आपल्याकडे नवे संगणक येत आहेत आणि विंडोजची नवी, आणखी मोठी इमेज त्याच हिरव्या ड्राइव्हवर चढवायची आहे, कारण ‘तो हाताला चांगला आहे’. महोदय, ते करू नका. दुकानात नवा पेनड्राइव्ह मिळतो. आपल्याला परवडत नसेल तर मी आणून देतो.

मानधनाचा अर्ज मी याद्वारे मागे घेत आहे. नकाराचा शेरा आपण फाइलीत ठेवून घ्या, शोभून दिसतो. आई रोज संध्याकाळी स्वतःच्या कानाला बोट लावून मला खूण करते. गाणी लाव म्हणते. साहेबांकडे आहेत, असे मी रोज सांगतो आणि ती मान डोलावते. तिचा अजूनही आपल्यावर विश्वास आहे. माझा नाही. त्या ड्राइव्हमध्ये तिचा आवाज उरला आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. आपल्यालाही ठाऊक नाही. म्हणूनच म्हणतो, त्याला हात लावू नका. उद्या शुक्रवारी मी दारात उभा असेन, तो माझ्या हातात द्या.

आजवर आपला नम्र असलेला,
(सही)
पूनमसिंग आडे

सोबत जोडलेली कागदपत्रे : काहीही नाही. आपल्या कार्यालयाच्या ताब्यात आता मी काहीही देणार नाही.