भरदिवसा ओढलेले पडदे

लेवार्डन, जानेवारी

प्रिय यूप,

बाबा ठणठणीत आहेत, हे आधी वाच आणि मग खुर्चीत बस.

आई गेल्यावर ते एकटे कुढत असतील म्हणून मी त्यांना आपण राहतो त्या गरम बेटावर कायमचं न्यायला आले ना? महिनाभर तेच मला संग्रहालयांतून आणि गोठलेल्या कालव्यांवरून फरफटवतायत. जन्मभर घरचे बटाटे खाल्लेला माणूस हॉटेलात शिंपले मागवतो! आणि सगळीकडे शेजारच्या टीत्स्के बाई योगायोगाने भेटतात.

काल बाजारातून परतले, तर घराचे पडदे ओढलेले. आपल्या गल्लीत भरदिवसा पडदे ओढतात ते घरात कोणी वारलं तरच! समोरच्या हेन्क काकांनी तर टोपी काढून हातात धरली होती. मी रडतच आत धावले. बाबा सोफ्यावर, टीत्स्के बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून.

“हान्ना, दार तरी वाजवायचंस!”

“मला वाटलं, तुम्ही गेलात!”

“मी कुठे जातोय? तुमच्या त्या उकाड्यात तर मुळीच नाही. तुझंच तिकीट जरा आधीचं मिळतंय का बघ.”

तुझा रक्तदाब कसा आहे? मुलांना पापे. विमानतळावर घ्यायला ये. मी एकटीच असेन.

माहेरून हाकललेली तुझी ताई,
हान्ना